ल्युपस: ‘आशा ठेव’ म्हणतात सगळे, पण कशावर ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी २९ वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते, नोकरीसाठी रोज फोर्टला जाते. दोन वर्षांपूर्वी ल्युपसचं निदान झालं. एचसीक्यूची गोळी आणि पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. डॉक्टर म्हणतात रिपोर्ट चांगले आहेत, पण थकवा काही हटत नाही. घरी आणि ऑफिसात सगळ्यांना मी ठणठणीत दिसते. सासूबाई म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस, आशा ठेव. कशावर ठेवू? हे कधी बरं होणार? आणि मला मूल होऊ शकेल का?”

मी संधिवाततज्ज्ञ आहे आणि ल्युपसच्या रुग्ण पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ‘कधी बरं होणार’ हे जवळजवळ प्रत्येक नवीन रुग्ण विचारते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ल्युपस हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. तो आज तरी मुळासकट बरा होत नाही. हे वाक्य ऐकलं की समोरचीचा चेहरा पडतो आणि त्यापुढचं तिला ऐकूच येत नाही. पुढचं वाक्य मात्र तितकंच खरं आहे: ल्युपस शांत होतो, आणि नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. आशा ‘बरं होण्या’वर टांगली की ती दर महिन्याला मोडते, कारण दर महिन्याला तुम्ही पूर्ण बऱ्या झालेल्या नसता. ती ‘आजार ताब्यात राहण्या’वर ठेवलीत तर तिला दर तीन महिन्यांनी कागदावर पुरावा मिळतो. सासूबाई म्हणतात ते बरोबरच आहे. फक्त आशा कशावर ठेवायची ते कोणीतरी सांगायला हवं.

थोडं मागे जाऊन पाहा. १९५० च्या दशकात ल्युपसचं निदान झालेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्मे पाच वर्षांनंतर हयात असत. आज, वेळेवर उपचार मिळाले तर, हेच प्रमाण दहात नऊहून जास्त आहे. हा बदल एका चमत्कारी औषधाने झालेला नाही. १९४८ मध्ये कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं, १९५५ मध्ये तुमची एचसीक्यू म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आली, मूत्रपिंडाच्या त्रासासाठी सायक्लोफॉस्फमाइड आणि पुढे मायकोफिनोलेट आलं, डायलिसिस आलं, रक्तदाबाच्या चांगल्या गोळ्या आल्या, निदान लवकर होऊ लागलं. २०११ मध्ये बेलिमुमॅब आणि २०२१ मध्ये ॲनिफ्रोलुमॅब ही खास ल्युपससाठीची इंजेक्शनं मंजूर झाली. ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागतही नाहीत. जर्मनीतल्या एर्लांगेन इथे तर रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याचा, कार-टी नावाचा उपचार ल्युपसवर सुरू झाला. २०२२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्या पाचही जणांचा आजार औषधांशिवाय शांत झाला होता. हा उपचार अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहे, त्यामुळे त्यासाठी आज धावपळ करू नका. पण तुमच्या वयाच्या बाईने या आजारात पुढच्या वीस वर्षांकडे बघावं याला आता भक्कम आधार आहे, एवढं लक्षात घ्या.

आता तुमच्या स्वतःच्या कागदाकडे येऊ. तुम्ही प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमवर आहात. आजार शांत राहून स्टिरॉइड दिवसाला पाच मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचं आणि जमेल तेव्हा बंद करायचं, असं सध्याची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे जिथे पोचण्यासाठी आम्ही धडपडतो, तिथे तुम्ही आत्ताच आहात. हे तुम्हाला कोणी स्पष्ट शब्दांत सांगितलं नसावं. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ हे घाईत म्हटलेलं वाक्य आणि ‘तुमचा आजार ताब्यात आहे’ हे समजावून सांगितलेलं वाक्य, यांत रुग्णाच्या दृष्टीने फार अंतर असतं.

ल्युपस लोकांना दिसत नाही, हे तुम्ही रोज अनुभवता. पण तो दुसऱ्या बाजूनेही अदृश्य असतो, आणि तिथे मला जास्त काळजी वाटते. ल्युपसच्या दहापैकी साधारण चार रुग्णांना कधी ना कधी मूत्रपिंडाचा त्रास होतो. त्याची सुरुवात होते तेव्हा दुखत नाही, सूज नसते, लघवीचा रंगही बहुतेक वेळा नेहमीसारखाच असतो. बाई म्हणते मला एकदम बरं वाटतंय, आणि तिच्या लघवीतून प्रथिनं जात असतात. एक साधी लघवीची तपासणी ते पकडते. म्हणजे या आजारात बरं वाटणं आणि बरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेली बाई सुरक्षित असू शकते आणि उत्साही बाई धोक्यात असू शकते. म्हणून आशा आजच्या दिवशी कसं वाटतंय यावर ठेवू नका. लघवीतलं प्रथिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, रक्तपेशी मोजणारी सीबीसी, आणि आजार किती जागा आहे ते सांगणाऱ्या सी-३, सी-४ व डीएस-डीएनए, एवढ्या तपासण्यांचे आकडे एका वहीत तारखेनिशी ओळीने लिहा. सहा-सात ओळी झाल्या की आजार कुठल्या दिशेने चाललाय ते तुम्हालाच दिसू लागेल. एएनए मात्र परत परत करू नका. ती निदानाच्या वेळची तपासणी आहे. ती पॉझिटिव्हच राहते, आणि दर वेळी तो शब्द वाचून विनाकारण धसका बसतो.

आता थकवा. यावर जरा जास्त लिहिते, कारण माणसाला आतून खचवतं ते हेच.

ल्युपसचा थकवा रिपोर्टशी जुळत नाही. आजार शांत असतानाही तो राहतो, आणि बहुसंख्य रुग्णांना राहतो. तुम्ही आळशी नाही, आणि हे मनाचे खेळही नाहीत. पण ‘ल्युपस आहे, थकवा राहणारच’ म्हणून सोडूनही देऊ नका, कारण त्या थकव्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच दुरुस्त होतात. हिमोग्लोबिन किती आहे? आपल्याकडे पाळी येणाऱ्या बायकांमध्ये ते कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की कोणी दखल घेत नाही. थायरॉइड पाहिलंय का? ऑटोइम्यून आजार जोडीने येतात. ड जीवनसत्त्व कमी असतंच, कारण ऊन टाळा असं आम्हीच सांगतो. झोप कशी आहे? प्रेडनिसोलोन संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी नाश्त्यानंतर घ्या. रात्री टक्क जागं राहण्याचं कारण कित्येकदा तिथेच सापडतं. आणि मन उदास आहे का, हेही याच यादीत येतं. त्याविषयी पुढे लिहिते.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. माझ्या रुग्णांत एक चक्र मी सतत पाहते. चार दिवस अंगात जीव नसतो, पाचव्या दिवशी बरं वाटतं, आणि त्या एका दिवशी चार दिवसांची कामं उरकली जातात. कपाटं आवरली जातात, राहिलेलं दळण होतं, कोणाकडे तरी जाऊन येणं होतं. मग पुढचे तीन दिवस अंथरूण. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात तर हे हमखास होतं. साफसफाई होते, चकल्या होतात, आणि भाऊबीजेला घरची लेक आत झोपलेली असते. नियम साधा आहे, पाळायला कठीण आहे: बऱ्या दिवशी जमेल त्यापेक्षा थोडं कमी करायचं, आणि वाईट दिवशीही थोडंसं करायचंच. रोज दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा. महिनाभराने पंधरा मिनिटं. हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने ल्युपसचा थकवा कमी होतो, आणि यावर चांगला अभ्यास झालेला आहे. सुरुवातीला थकव्यावर व्यायाम हा उपाय उलटाच वाटतो, तरी करा. चालणं मात्र सकाळी उन्हाच्या आधी किंवा संध्याकाळी. उन्हातली अतिनील किरणं त्वचेचाच नव्हे, आतला आजारही भडकवू शकतात. स्कूटरवर बायका घालतात तो सनकोट आणि स्कार्फ तुम्हाला स्टेशनपर्यंत चालत जातानाही चालेल. त्याखाली सनस्क्रीन लावा. गाडीत आणि ऑफिसात खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही टाळा, काच सगळी किरणं अडवत नाही.

तिसरी गोष्ट एका रुग्णाने मला शिकवली. ती दर भेटीत सांगायची, “डॉक्टर, सगळे दिवस वाईटच गेले.” मी तिला रोज एक खूण करायला सांगितलं. घरात कालनिर्णय होतंच, त्यावर दुधाचे खाडे लिहिले जातात. त्याच चौकटीत ती पेन्सिलीने एक छोटी रेघ मारू लागली, बरा दिवस असेल तर उभी, वाईट असेल तर आडवी. तीन महिन्यांनी ती पानं फाडून घेऊन आली. ऑक्टोबरच्या पानावर सलग नऊ आडव्या रेघा होत्या आणि तिला तेवढ्याच आठवत होत्या. बाकीच्या दोन पानांवर उभ्या रेघाच जास्त होत्या. त्या नऊ दिवसांच्या आधी काय झालं होतं ते आम्ही शोधलं, तर नवरात्राचे उपवास होते. नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढले होते, आणि पोटात अन्न नाही म्हणून तिने गोळ्याही टाळल्या होत्या. त्या पानामुळे आम्हाला कारण सापडलं, आणि पुढच्या वर्षी तिने उपवासाच्या दिवशीही सकाळी खाऊन गोळी घेतली. उपवास जरूर करा, पण स्टिरॉइड अचानक बंद कधीही करू नका. ते जिवावर बेतू शकतं.

सासूबाईंबद्दल. त्या वाईट नाहीत, त्यांनी अर्धीच गोष्ट पाहिलेली आहे. सकाळी सहाला बोटं इतकी आखडलेली असतात की कुकरचं झाकण लागत नाही. दहापर्यंत बोटं मोकळी होतात आणि तीच बाई पोळ्या लाटते. सासूबाई दहाच्या वेळी स्वयंपाकघरात असतात, सहाचं कोणी पाहिलेलं नसतं. शब्दांनी समजावण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून, त्यांच्यासमोर, आजाराचं नाव, गोळ्यांचं कारण आणि ‘ही बाहेरून चांगलीच दिसणार आहे’ हे वाक्य त्यांना ऐकू द्या. एका भेटीने घराचं वातावरण बदललेलं मी अनेकदा पाहिलंय. नवऱ्याला नुसतं ‘समजून घे’ म्हणू नका, नेमकं काम सांगा: सकाळचा कुकर तुझा, महिन्याची औषधं आणणं तुझं.

ऑफिसात सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय. मी सहसा एकाच माणसाला, म्हणजे थेट वरिष्ठांना, दोन वाक्यांत सांगा म्हणते: “मला दीर्घकाळ चालणारा ऑटोइम्यून आजार आहे, उपचार चालू आहेत आणि तो ताब्यात आहे. महिन्यातून काही दिवस घरून काम करता आलं तर माझं काम अडणार नाही.” मागणी नेमकी असली की चर्चा आजाराभोवती फिरत बसत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं अपंगत्व मान्य आहे, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, ल्युपस नाही. ल्युपसमुळे सांधे किंवा डोळे यांचं कायमचं नुकसान झालं तर त्या नुकसानीसाठी प्रमाणपत्र मिळू शकतं, आजाराच्या नावावर मिळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना मुभा आहे, तुम्हाला नाही. महिलांच्या डब्यात उभं राहून तुम्ही सीट मागितलीत तर लोक वरपासून खालपर्यंत बघतात. तरी मागा. “मला संधिवाताचा आजार आहे, जरा बसू देता का?” संधिवात हा शब्द सगळ्यांना कळतो आणि तो खोटाही नाही. कामाची वेळ तासभर मागेपुढे करून मिळाली तर ती पगारवाढीइतकीच मोलाची समजा.

आता आशेच्या नावाखाली जे विकलं जातं त्याविषयी. तुमच्यापर्यंतही कोणीतरी ‘मुळापासून घालवतो’ असं म्हणणारा आलाच असेल. पुडीवर काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती पुडी घेऊ नका. अशा चूर्णांत लपवलेलं स्टिरॉइड आणि जड धातू सापडलेले आहेत. पहिल्या आठवड्यात ‘जादू’ वाटते ती त्या स्टिरॉइडची. इम्युनिटी वाढवणारे काढेही नकोत. तुमची प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती चुकीच्या दिशेने जास्त काम करते आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला ऑटोइम्यून प्रकारची इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद त्यांचा त्यांच्यापाशी, पण ल्युपस असलेल्या बाईने हा धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एचसीक्यूविषयी मात्र मनात शंका ठेवू नका. ती कामाला लागायला दोन-तीन महिने घेते, म्हणून ‘काही फरक नाही’ म्हणत सोडून देणाऱ्या पुष्कळ. ही गोळी आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण कमी करते, मूत्रपिंडांना संरक्षण देते आणि आयुष्य वाढवते. डोळ्यांची भीती घातली जाते. दर किलो वजनामागे पाच मिलिग्रॅमच्या आत डोस ठेवला, सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी पडद्याची तपासणी केली, तर तो धोका फार कमी राहतो. घरात महिनाभराच्या गोळ्या जास्त ठेवा. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनावर ही गोळी चालते अशी हवा झाली, लोकांनी साठे केले, आणि ज्यांना ती खरोखर लागते त्या बायका दुकानोदुकानी फिरल्या.

पावसाळ्यासाठी एक सूचना. ताप आला तर अंगावर काढू नका, आणि ज्या डॉक्टरकडे जाल त्यांना पहिल्याच वाक्यात ल्युपस आणि स्टिरॉइड सांगा. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात, ल्युपस उफाळला तरी कमी होतात, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. सल्फा गटाची प्रतिजैविकं ल्युपसमध्ये शक्यतो टाळतात, हेही सांगा.

मनाबद्दल लिहायचं राहिलं होतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, रडू येत असेल, सकाळी उठून काय करायचं असं वाटत असेल, तर ती आशा कमी पडल्याची खूण समजू नका. ते नैराश्य असू शकतं, आणि ल्युपसमध्ये ते जास्त आढळतं. कधी आजारच मेंदूवर परिणाम करतो, कधी स्टिरॉइड, कधी एकटेपण. तुमच्या संधिवाततज्ज्ञांना हे सांगा, ते हे ऐकायला बांधील आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून ठेवा. रात्री अंथरुणात इंटरनेटवर ल्युपस शोधणं बंद करा. तिथे सर्वांत वाईट झालेल्यांच्या कहाण्या वर येतात. ज्यांचं बरं चाललंय त्या आपल्या कामाला लागलेल्या असतात, लिहीत बसत नाहीत.

आणि मूल. होऊ शकतं. ल्युपस असलेल्या कितीतरी आया माझ्याकडे मुलांना घेऊन तपासणीला येतात. त्यासाठी ठरवून चालावं लागतं. आजार निदान सहा महिने शांत हवा, लघवीत प्रथिनं जात नसावीत, रक्तदाब ताब्यात हवा. मायकोफिनोलेट किंवा प्रथिनं थांबवण्यासाठी दिलेल्या काही रक्तदाबाच्या गोळ्या कधी सुरू केल्या गेल्या, तर त्या आधी बदलाव्या लागतात, म्हणून दिवस जाऊ देण्याआधी सांगा, गेल्यानंतर नको. पुढच्या भेटीत तीन गोष्टी लिहून न्या: अँटी-रो, अँटी-ला आणि अँटीफॉस्फोलिपिड या अँटिबॉडीजच्या रक्ततपासण्या झाल्या आहेत का ते विचारायचं. अँटी-रो असेल तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका शंभरात साधारण दोन इतका असतो, आणि ठरावीक आठवड्यांत गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. अँटीफॉस्फोलिपिड असेल तर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं लागू शकतात, त्यांनी अनेकींचे गर्भपात टळले आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ शक्यतो असे निवडा ज्यांनी आधी ल्युपसच्या रुग्णांचं बाळंतपण केलंय, आणि त्यांचा व तुमच्या संधिवाततज्ज्ञांचा फोनवर तरी संपर्क राहील असं बघा. दिवस गेल्यावर घरातलं कोणीतरी सांगेल की आता सगळ्या गोळ्या बंद कर, बाळाला त्रास होईल. एचसीक्यू बंद करायची नाही. ती पूर्ण नऊ महिने आणि अंगावर पाजतानाही चालते.